शेरा: पाठ बंद, सरासरी

पाणीखात्याच्या मीटर-वाचकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध आणि किंचित खाली, एक गाठ आलेली आहे, ही बाब सर्वप्रथम त्याच्या बायकोच्या निदर्शनास आली. त्याच्या स्वतःच्या निदर्शनास ती येणे शक्यच नव्हते. एक तर ती पाठीवर होती. आणि दुसरे म्हणजे, सव्वीस वर्षांच्या नोकरीत समोर ठेवलेली वस्तूसुद्धा प्रत्यक्ष पाहण्याची सवय त्याने अंगाला लावून घेतली नव्हती.

त्याला सगळे सरासरीकाका म्हणत. घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा आणि दाराला कुलूप असेल तर मागच्या तीन महिन्यांची सरासरी मांडून शेऱ्याच्या रकान्यात 'दार बंद, सरासरी' असे लिहायचे, असा खात्याचा नियम. नियम कुलपांसाठी होता. काकांनी तो ऊन, कुत्री, जिने आणि स्वतःचे गुडघे यांनाही उदार मनाने लागू केला. वरच्या गल्लीत तर लोकच उघड्या दारात उभे राहून, चहाचा कप पुढे करत सांगायचे, "काका, आमचं दार बंद आहे हं!" आतून पाणी खेचणाऱ्या मोटारीची घरघर ऐकू येत असायची. काका चहा प्यायचे, दार बंद करायचे, म्हणजे वहीत, आणि पुढे निघायचे. खाली उताराच्या टोकाला असलेल्या शेवटच्या गल्लीत तर ते अकरा वर्षांत फिरकलेच नव्हते. तिथे मधल्या गल्लीतून उसन्या घेतलेल्या आकड्याची सरासरी, त्या सरासरीची सरासरी आणि तिचीही सरासरी अशी आकड्यांची तिसरी पिढी सुखाने नांदत होती.

"अहो, हे काय?" एका सकाळी बायको म्हणाली.

"काय?"

"पाठीवर. लिंबाएवढं."

"असेल काहीतरी. आधीपासूनचं असेल."

"आधीपासूनचं काय आहे आणि काय नाही ते मला शिकवू नका. चोवीस वर्षं ही पाठ माझ्याकडे करून तुम्ही घोरताय. तिची खडान्‌खडा माहिती आहे मला."

सर्जनने गाठ दाबली, सरकवली, मोजपट्टी लावली. "बेचाळीस मिलिमीटर. मऊ आहे, बोटाखाली हलते. चरबीची गाठ. निरुपद्रवी."

काकांना तो शब्द ओळखीचा वाटला. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात दरवर्षी हेच लिहून येई: 'कर्मचारी निरुपद्रवी आहे.' गाठीबद्दल त्यांना क्षणभर आपुलकीच वाटली.

"यांच्या अंगात चरबी आहे हे मी लग्नापासून सांगत होते," बायको सर्जनला म्हणाली. "बरं झालं, आता कुणीतरी लिहून दिलं."

"राहू दिली तरी चालेल," सर्जन म्हणाला. "काढायची तर त्या जागेपुरती भूल आणि अर्ध्या तासाचं काम. राहू दिलीत तर मात्र दर महिन्याला मोजा. भराभर वाढायला लागली, कडक झाली, दुखायला लागली, तर थांबू नका. मग ती चरबीच आहे का, हे बघावं लागेल."

"आणि चरबी नसली तर?"

"म्हणून तर मोजायचं."

हे तीन शब्द काकांच्या डोक्यात जाऊन बसले ते उठेनात. बायकोने रस्त्यातच निकाल दिला. "काढून टाका. घरात निरुपद्रवी एक पुरे."

सव्वीस वर्षांत काकांनी जावक क्रमांकाशिवाय शिंकही दिलेली नव्हती. त्यांनी शस्त्रक्रियेच्या रजेसाठी रीतसर अर्ज केला. आस्थापना शाखेतल्या कारकुनाने सर्जनची चिठ्ठी प्रकाशाकडे धरून वाचली, जणू खोटी नोट.

"काका, रजा उपद्रवी आजाराला मिळते. तुमचा तर उपद्रव नाही असं डॉक्टरच म्हणतोय."

"मग उपद्रव झाल्यावर येऊ?"

"झाल्यावर नको. सिद्ध झाल्यावर या. तोवर निरुपद्रवी कर्मचाऱ्यांसाठी, आपलं, निरुपद्रवी आजारांसाठी खात्याने पूरक उपचार कक्ष काढलाय. जुन्या मीटरच्या कोठारात. तिथं नाव घाला."

कोठारातली बंद पडलेली मीटर भिंतीला सरकवून मधोमध एक टेबल टाकले होते. टेबलामागे होमिओपॅथीचे डॉक्टर बसले होते आणि त्यांच्यामागच्या फळीवर बुटक्या बाटल्यांची पलटण. सगळ्या बाटल्यांत एकसारख्या पांढऱ्या गोळ्या होत्या. वेगळेपण होते ते फक्त चिठ्ठ्यांत. हे पाहून काकांना कार्यालयातच आल्यासारखे वाटले.

डॉक्टरांनी गाठीकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "आम्ही गाठ बघत नाही, माणूस बघतो," आणि पाऊण तास माणसाला प्रश्न विचारले.

"स्वप्नात पाणी दिसतं?"

"पाणीखात्यात आहे हो. स्वप्नात नळ दिसतो, त्यातून हवा येते."

"गाठ आली त्या सुमारास कुणाचा राग गिळला होता?"

"यादी घेऊन येऊ का?"

"डाव्या कुशीवर झोपता की उजव्या?"

"बायको वळवेल तसा."

डॉक्टरांनी हे सगळे मन लावून उतरवले. मग औषध कसे तयार होते ते समजावून सांगितले. मूळ द्रव्याचा एक थेंब शंभर थेंबांत घालायचा. त्यातला एक पुन्हा शंभरात. त्यातला एक पुन्हा. असे तीस वेळा.

"मग शेवटी त्यात उरतं काय?"

"द्रव्य उरत नाही. त्याची आठवण उरते. आणि जितकं विरळ, तितकं जालीम."

काकांचा चेहरा उजळला. हे शास्त्र त्यांना चांगलेच ठाऊक होते. "म्हणजे आमची शेवटची गल्लीच की! टाकीतलं पाणी वरच्या गल्लीत येतं, तिथून मधल्या, तिथून खालच्या. शेवटच्या गल्लीत पाणी पोचतच नाही, नळाला नुसती आठवण असते. तुमच्या हिशेबानं तिथली माणसं सगळ्यात जास्त न्हायलेली."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हेही उतरवून घेतले.

"आणि पूरक म्हणजे नक्की काय?" काकांनी निघताना विचारले.

"म्हणजे गाठ आपलं काम करत राहील, औषध साथ देईल."

"साथ कुणाला? मला की तिला?"

"दोघांना," डॉक्टर म्हणाले. "आम्ही भेदभाव करत नाही."

घरी बायकोने त्याचा अर्थ एका वाक्यात लावला. "म्हणजे बरं झालं तर गोळ्यांनी, आणि नाही झालं तर गोळ्या काय, नुसत्या पूरक होत्या. असा जावई शोधून सापडायचा नाही."

दर महिन्याला गाठ मोजून पत्रकात लिहिण्याचे काम कक्षाच्या नोंदणी कारकुनाकडे होते. हा गृहस्थ मीटर शाखेतूनच बदलून आला होता; वही कशी भरायची हे त्याला वीस वर्षांपूर्वी खुद्द काकांनी शिकवले होते. पत्रकाचे रकानेही तेच: मागील नोंद, चालू नोंद, फरक, शेरा. पहिल्या महिन्यात सर्जनच्या चिठ्ठीवरून त्याने बेचाळीस लिहिले. दुसऱ्या महिन्यात काका शर्टाच्या गुंड्या काढू लागले, तसा तो घाईघाईने म्हणाला, "असू द्या हो काका, कशाला त्रास? आपल्यात काय ते!" आणि शेऱ्यात झरझर लिहिले: 'शर्ट बंद, सरासरी.'

सरासरी तीन महिन्यांची काढायची असते. काकांच्या गाठीला एकच महिना झाला होता. आधीच्या दोन महिन्यांची नोंद नव्हती, आणि नसलेली नोंद म्हणजे शून्य, हा खात्याचा जुना नियम. शून्य, शून्य आणि बेचाळीस यांना तिनाने भागल्यावर चौदा आले. अशा रीतीने एका महिन्यात काकांची गाठ दोन तृतीयांश विरघळली.

डॉक्टरांनी पत्रक दोन्ही हातांनी धरले. मोठ्या साहेबांनी ते मागवून घेतले. कार्यालयाच्या फलकावर, उशिरा येणाऱ्यांच्या यादीशेजारी, 'पूरक उपचारांचे नेत्रदीपक यश' असा कागद लागला. तिसऱ्या महिन्यात कारकुनाने गुपचूप सरासरी मांडली, तर ती एकोणीस येऊ लागली. फलकावर यश लागलेले असताना गाठ वाढवणे त्याच्या जिवावर आले. त्याने पेन खाली ठेवले, विचार केला, पुन्हा उचलले आणि लिहिले: 'मागीलप्रमाणे.' तेव्हापासून गाठ चौदावर स्थिर झाली.

पाठीवर मात्र ती स्थिर नव्हती. बायको तिच्या पद्धतीने माप घ्यायची. पहिल्या महिन्यात केसांच्या तेलाच्या बाटलीचे झाकण गाठीवर बसत होते. चौथ्या महिन्यात ते तिच्यावर टोपीसारखे दिसू लागले. पाचव्यात बायकोने चहाच्या डब्याचे झाकण आणले. ते नेमके बसले, तेव्हा काका घाबरले. आता खुर्चीला पाठ टेकली की आत काहीतरी दुखायचे. 'म्हणून तर मोजायचं' हे शब्द झोपेतही ऐकू येऊ लागले होते.

ते पुन्हा आस्थापना शाखेत गेले.

"वाढली म्हणता?" कारकुनाने पत्रक काढले. "इथं तर चौदा आहे. कमी होत चाललेल्या गाठीवर शस्त्रक्रियेला रजा कशी देणार? लेखापरीक्षणात आक्षेप येईल."

"अरे, माझी पाठ आहे! हात लावून बघ!"

"काका, लोक येऊन तुम्हाला म्हणतात ना, मीटर चुकीचं आहे म्हणून? तुम्ही काय लिहिता?"

काकांना उत्तर पाठ होते. ते हळूच म्हणाले, "'नोंद बरोबर. तक्रार निराधार.'"

"बघा. गाठ सुधारलेली आहे. सुधारली नसेल तर तुमची पाठ."

तरीही कारकून मनाचा चांगला होता. त्याने प्रत्यक्ष पाहणीसाठी तक्रार लिहून घेतली आणि आठवड्यात पाहणी झालीसुद्धा. निरीक्षक भर दुपारी काकांच्या घरी गेला. काका कामावर होते, बायको बाजारात. संध्याकाळी दाराच्या फटीत खात्याची छापील चिठ्ठी होती. अशा हजारो चिठ्ठ्या काकांनी स्वतः लोकांच्या दारात खोचल्या होत्या. तिच्यावर लिहिले होते: 'पाहणी केली. पाठ बंद, सरासरी. चौदा.'

काका तडक मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब सहृदय होते. "फेरपाहणी मिळेल," ते म्हणाले, "पण क्रमाने. तुमच्या आधीची एक तक्रार प्रलंबित आहे. शेवटच्या गल्लीतली शिवणकामवाली बाई. अकरा वर्षं म्हणतेय, नळाला पाणी नाही. ती निकाली निघाल्याशिवाय तुमचा नंबर लागत नाही."

"मग काढा ना निकाली!"

"कशी काढणार? वाचकाचा प्रत्यक्ष अहवाल आला नाही अजून."

"कोण हो तो गाढव वाचक?"

साहेबांनी फाइल काकांकडे वळवली. काकांनी नाव वाचले आणि फाइल पुन्हा साहेबांकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी काका शेवटच्या गल्लीत गेले. उतारावरून जाताना झोळीचा पट्टा गाठीवर घासत होता. बाईचे दार सताड उघडे होते. ती मशीनवर बसली होती, गळ्यात मोजपट्टी. दारातच एक कोरडी बादली होती.

"पाणीखातं," काका म्हणाले.

बाईने मशीन थांबवले. "अगोबाई! तुम्हीच का ते 'दार बंद'वाले?"

"अं... हो."

"अकरा वर्षं मी हे दार उघडं टाकून बसलेय, भाऊ. मांजरं आली, चोर येऊन गेला, वाट चुकलेले दोन पाहुणे जेवून गेले. एक तुम्ही तेवढे आला नाहीत."

काकांनी मीटरवरची धूळ पुसली. काटा शून्यावर होता. बसवल्या दिवसापासून तो जागचा हललाच नव्हता. सव्वीस वर्षांत प्रथमच, जे दिसले ते काकांनी वहीत लिहिले: शून्य. लिहिताना ते वाकले आणि कळवळले.

"काय झालं?"

काकांनी सांगितले. कुणालातरी सांगायचेच होते. बाईने सगळे ऐकून घेतले, गळ्यातली पट्टी काढली आणि हुकूम सोडला, "शर्ट वर करा." बाहीचे माप घ्यावे तसे तिने गाठीचे घेतले. "अडीच इंचांपेक्षा जराशी जास्तच. तुमच्या मिलिमीटरात पासष्ट. आणि ही सर्जन म्हणाला तशी मऊबिऊ नाहीये हो."

"हे कागदावर लिहून सही द्याल? मी साहेबांना दाखवतो. म्हणजे मग ते पत्रक दुरुस्त करतील, मग रजा मंजूर होईल, मग—"

"भाऊ," बाई म्हणाली, "तो सर्जन पत्रक कापणार आहे की पाठ?"

काकांनी शर्ट खाली केला. या प्रश्नाला जावक क्रमांक नव्हता. ते वही काखेत मारून तिथून थेट सर्जनकडे गेले.

गाठ अर्ध्या तासात निघाली. ती बरणीत घालून तपासणीला गेली आणि अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काकांनी पालथे पडून आयुष्याचा आढावा घेतला. लहानपण आठवले, आईवडील आठवले, आणि नंतर का कोण जाणे, एकामागून एक बंद दारे आठवू लागली. त्यांतली बरीचशी उघडी होती. बायको उशाशी बसून राहिली. एकदाच ती म्हणाली, "आता सरळ चरबीच निघू दे. पुन्हा नाही नावं ठेवणार तुमच्या चरबीला."

पाचव्या दिवशी सर्जनने कागद वाचला. "साधी चरबी. निरुपद्रवी. वाढत होती म्हणून काढली, हे उत्तम केलंत." बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि बाहेर येताच आपला शब्द मोडला.

काका कामावर रुजू झाले. विनापरवाना गैरहजेरीची नोटीस येणार, हे गृहीत होते. हजेरीपट पाहिला, तर त्या सगळ्या दिवसांपुढे लिहिले होते: 'मागीलप्रमाणे.' पूरक उपचार कक्षात नोंदणी कारकुनाने त्यांच्यासमोरच गाठीची चालू नोंद केली. चौदा.

"अरे, गाठ काढली! हे बघ टाके!"

"आमच्याकडं काढल्याची नोंद नाही, काका. पत्रकात 'फरक'चा रकाना आहे, 'काढली'चा नाही."

डॉक्टर मात्र प्रसन्न होते. "अर्ध्या तासात निघाली म्हणता? निघणारच! गोळ्यांनी तिची पकड सैल करून ठेवली होती. यालाच पूरक म्हणतात. सर्जनला सांगू नका, बिचारा खुशीत असेल. गोळ्या चालू ठेवा."

"कशासाठी? गाठ नाही आता!"

"तिची आठवण आहे ना."

काका हसत हसत मोठ्या साहेबांकडे गेले, शेवटच्या गल्लीचा अहवाल घेऊन. साहेबांनी 'शून्य' वाचून चष्मा काढला. "शून्य कसं चालेल? अकरा वर्षांच्या सरासऱ्या खोट्या ठरतील. त्या कुणी लिहिल्या?"

काकांचे हसू मावळले.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "तुमच्याच कल्पनेतून मार्ग निघालाय. कक्षाच्या डॉक्टरांनी तुमच्या टिपणातलं एक वाक्य माझ्याकडे पाठवलं. फार मोलाचं आहे." त्यांनी एक परिपत्रक पुढे सरकवले. काकांनी वाचले:

'शेवटच्या गल्लीतील नळांना पाण्याची आठवण असल्याचे तज्ज्ञांच्या निदर्शनास आले आहे. सबब, सदर गल्लीस आजपासून पूरक पाणीपुरवठा मंजूर करण्यात येत आहे. दररोज चार थेंब, उपाशीपोटी. रहिवाशांनी बादली हलवून घ्यावी. तक्रार निकाली.'

"बाईकडून समाधानाची सही घेऊन या," साहेब म्हणाले. "नाहीतर ते अकरा वर्षांचं आहेच तुमच्या नावावर."

दार उघडेच होते. बाई म्हणाली, "गेली का गाठ?"

"गेली. साधी निघाली. तुमच्यामुळं."

"बरं झालं बाई. मग माझं काय?"

काकांनी परिपत्रक दिले. बाईने ते दोनदा वाचले, घडी घातली आणि बादलीत टाकले. बादलीत पडलेली अकरा वर्षांतली ती पहिलीच गोष्ट. "सही नाही करणार," ती म्हणाली. "पाणी टाकीतून निघतं. इथं येत नाही. मधे कुठंतरी जातंच ना? ते कुठं जातं ते लिहा. वरच्या गल्लीत जा आणि रीडिंग घ्या. तुमच्या पाठीवरची गेली, भाऊ. आता गाठ माझ्याशी आहे."

काका चढ चढून वरच्या गल्लीत आले. टाके ओढत होते. या वेळी चहा घ्यायचा नाही, आकडा पाहिल्याशिवाय हलायचे नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती. पहिल्याच घराचे दार अर्धवट उघडे होते. आत मोटार घरघरत होती. कोचावर कुणीतरी आरामात काहीतरी वाचत पडले होते आणि मधूनच हसत होते. काकांनी कडी वाजवली.

"कोण आहे?"

"पाणीखातं. मीटर बघायचंय."

हसू थांबले. पान उलटल्याचा आवाज आला. मग आतून कुणीतरी कुणालातरी हळूच म्हणाले, "सांग त्यांना, घरी कुणी नाही."

काकांनी वही उघडली. पेनाचे टोपण काढले. आत काय उत्तर द्यायचे ते अजून ठरत होते, म्हणून ते थांबले.

थांबलेलेच आहेत. उठता का जरा? दार तुमचेच आहे.